कुटुंबाची सायकल आणि मुलाचे आसन

सकाळच्या वेळी गावातील अंगणवाडीच्या किंवा प्राथमिक शाळेच्या फाटकाशी उभे राहिले असता एक देखावा हमखास दृष्टीस पडतो. उंच चाकांची काळी सायकल येते. पुढच्या दांडीवर टॉवेलाची घडी टाकून धाकटे मूल बसविलेले असते. मागे कॅरियरवर थोरले बसलेले असते, वडिलांचा सदरा मुठीत घट्ट धरून. त्याचे पाय दोन्ही अंगांना मोकळे लोंबत असतात. पायांत पुष्कळदा काहीच नसते. असलीच तर अंगठ्याला कशीबशी अडकलेली चप्पल असते. वडील एक पाय टेकवून सायकल थांबवितात, मागचे मूल उडी मारते, पुढचे उचलून खाली ठेवले जाते आणि सायकल कामाच्या दिशेने निघून जाते. रोजचाच प्रकार असल्याने त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

२०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल असल्याची नोंद झाली. त्यानंतर खेडोपाडी मोटारसायकली पुष्कळ वाढल्या हे खरे; तथापि ज्यांना पेट्रोलचा खर्च परवडत नाही अशा घरांत सायकल हेच आजही एकमेव वाहन आहे. सायकल घेताना चाकाचा आकार, सांगाड्याचा मजबूतपणा, टायर, कॅरियर या सर्वांची पारख केली जाते. तिच्यावरून मूल न्यायचे आहे आणि त्याला बसायला जागा हवी, हा विचार मात्र बहुधा सायकल घरी आल्यानंतर, आणि तोही उशी किंवा गोणपाट शोधण्यापुरताच केला जातो. प्रस्तुत लेखात या आसनाचाच विचार करावयाचा आहे.

धोका नेमका कोठे आहे

सायकलवरील मुलाच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की पालकांच्या डोळ्यांसमोर ट्रक किंवा भरधाव बस येते. ही भीती खोटी नाही. परंतु ज्या अपघाताला दुसरे कोणतेही वाहन लागत नाही, जो गावातल्या रिकाम्या रस्त्यावर, सायकल अगदी सावकाश चाललेली असतानाही घडतो, त्याची दखल फारशी घेतली जात नाही. तो अपघात म्हणजे मुलाचा पाय चाकाच्या आऱ्यांत जाणे.

थोडे गणित केले तर या अपघाताचे स्वरूप ध्यानात येईल. नेहमीच्या २८ इंची सायकलच्या चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास असतो आणि मागच्या चाकाला परंपरेने ४० आरे असतात. सायकल ताशी १२ किलोमीटर इतक्या बेताच्या वेगाने चालली असली तरी ते चाक सेकंदाला दीड फेरा घेते. म्हणजे मुलाच्या टाचेजवळून एका सेकंदात सुमारे ६० आरे निघून जातात. मूल डुलकी घेते, पाय सैल पडतो आणि टाच आत ओढली जाते. चालविणाऱ्याला प्रथम एवढेच जाणवते की सायकल जड झाली. चढ लागला असे समजून तो पायडलावर आणखी जोर देतो. मुलाची किंकाळी ऐकू येईपर्यंत पाय आरे आणि सांगाड्याच्या नळ्या यांच्यामध्ये चेमटलेला असतो.

आयझंट, रॉथमन आणि फ्रँकेल या अमेरिकन डॉक्टरांनी १९६९ साली अशा दुखापतींविषयी लिहिताना त्यांत तीन निरनिराळ्या क्रिया एकाच वेळी घडतात असे दाखवून दिले. आरे सुरीप्रमाणे कातडी व मांस कापतात, पाय चाक आणि सांगाडा यांमध्ये चिरडला जातो, आणि या दोन्ही जोरांमुळे कातडी खालच्या मांसापासून सोलवटून निघते. ही जखम किरकोळ समजली जाते, परंतु ती तशी नसते, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. पहिल्या दिवशी टाचेवर केवळ खरचटल्यासारखे दिसते. आतला रक्तपुरवठा तुटल्यामुळे दोन दिवसांनी तीच कातडी काळी पडू लागते. टाचेमागची जाड शीर, म्हणजे वैद्यकातील कंडरा, उघडी पडू शकते. घोट्याजवळच्या हाडांच्या टोकांना जेथून वाढ होते त्या कूर्चेला इजा पोहोचल्यास पुढे पायाच्या वाढीतही दोष राहू शकतो.

यास्तव असा अपघात झाल्यावर पाय हिसडा देऊन ओढू नये आणि चाकही पुढे ढकलू नये. सायकल आहे तशी आधाराने धरून चाक मागच्या दिशेने अगदी हळू फिरवून पाहावे. पाय सुटत नसेल तर पकडीने आरे तोडावेत. चार आऱ्यांची किंमत ती काय! जखम स्वच्छ पाण्याने धुवावी, धुतलेल्या कापडाने झाकावी, पाय फळीला किंवा घडी केलेल्या जाड वर्तमानपत्राला बांधून स्थिर करावा आणि मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. हळद, चुना, राख किंवा चहाची पूड जखमेत भरू नये. धनुर्वाताच्या लसीविषयी आणि क्ष-किरण तपासणीविषयी डॉक्टरांना विचारावे. हाड मोडलेले नाही असे समजले तरी दोन दिवसांनी पाय पुन्हा दाखवून आणावा, कारण खरी हानी त्याच सुमारास दिसू लागते.

पुढच्या दांडीवर बसलेल्या मुलाचा पाय पुढच्या चाकात गेला तर परिस्थिती अधिकच बिकट होते. पुढचे चाक जागीच अडते, सायकल मागून उचलली जाते आणि चालविणारा मुलासकट हँडलवरून पुढे फेकला जातो.

धोक्याचा दुसरा प्रकार याहूनही साधा, आणि तो सायकल चालत नसताना घडतो. मुलाला आसनावर बसवून सायकल स्टँडवर लावली आणि आई किंवा वडील दुकानात दोन मिनिटांसाठी गेले. मूल एका बाजूला झुकले की सायकल कलंडते. मागच्या आसनावर बसलेल्या मुलाचे डोके जमिनीपासून सहज एक मीटरहून अधिक उंचीवर असते. एक मीटरवरून सरळ खाली पडणारी कोणतीही वस्तू जमिनीवर आदळताना ताशी सुमारे १६ किलोमीटर वेगाने आदळते. उभी सायकल म्हणून निर्धास्त राहण्याचे कारण नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. आसनाला पट्टे असले आणि मूल त्यांत बांधलेले असले तर ते आसनासह खाली येते. म्हणून बांधलेले मूल उभ्या सायकलवर सोडून जाणे हे न बांधलेले सोडून जाण्याइतकेच गैर आहे. मुलाला सर्वांत शेवटी बसवावे, सर्वांत आधी उतरवावे आणि तोवर एक हात सायकलवरून काढू नये.

वय आणि वजन

मूल आधाराशिवाय बसू लागले की ते सायकलवर बसविण्यास हरकत नाही असा समज आढळतो. वस्तुतः जमिनीवर बसणे आणि हादरणाऱ्या सायकलवर बसणे यांत पुष्कळ अंतर आहे. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे व जड असते आणि मानेचे स्नायू कोवळे असतात. खड्ड्यांच्या रस्त्यावर मानेला बसणारे हिसके त्याला सोसत नाहीत. बालरोगतज्ज्ञ एक वर्ष पूर्ण होण्यापूर्वी मुलाला सायकलच्या आसनावर बसवू नये असे सांगतात, ते याच कारणाने. तोवर आईने मूल कडेवर किंवा झोळीत बांधून सायकलच्या कॅरियरवर बसणे हाही सुरक्षित पर्याय नव्हे, कारण सायकल पडली तर मूल आईच्या अंगाखाली येते. एक वर्षाच्या आतील मुलासाठी एस.टी., रिक्षा किंवा पायी चालणे हेच पर्याय उरतात.

वर्ष उलटल्यावर विचार वयापेक्षा वजनाचा करावा. सायकलवरील बालआसनांसाठी युरोपात ई.एन. १४३४४ हे मानक आहे. त्यात चालविणाऱ्याच्या मागे लावावयाच्या आसनासाठी ९ ते २२ किलो आणि चालविणारा व हँडल यांच्या मध्ये लावावयाच्या आसनासाठी ९ ते १५ किलो अशा मर्यादा घातलेल्या आहेत. बाजारात मिळणाऱ्या चांगल्या आसनावर मानकाचा क्रमांक आणि वजनाची मर्यादा उठविलेली असते. हे आकडे आपल्याकडील पालकांना परके वाटण्याचे कारण नाही. अंगणवाडीत मुलांची वजने नियमितपणे घेतली जातात आणि त्यांची नोंद ठेवली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यानुसार मध्यम वाढीचे मूल एक वर्षाचे असताना ९ किलोच्या आसपास, तीन वर्षांचे असताना सुमारे १४ किलो आणि पाच वर्षांचे असताना सुमारे १८ किलो भरते. म्हणजे पुढच्या आसनाची उपयुक्तता साधारणपणे तिसऱ्या वर्षानंतर लवकरच संपते, तर मागचे आसन पाच वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही काही काळ चालू शकते. एकच आसन घेण्याची ऐपत असेल त्या घराने मागचे घेणे हिशेबाचे ठरते. वाढ कमी असलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र केवळ वय पाहून आसनात बसविण्याची घाई करू नये; अंगणवाडी सेविकेकडून वजन विचारून घ्यावे.

पुढे की मागे

पुढच्या दांडीवर बसवलेले मूल डोळ्यांसमोर राहते, त्याच्याशी बोलता येते, ते पेंगू लागले तर लगेच कळते. मुलालाही रस्ता दिसतो. हे फायदे खरे आहेत आणि दांडीवरची छोटी बेबी सीट आपल्याकडे लोकप्रिय होण्याचे कारणही तेच. परंतु तिचे तोटे कमी नाहीत. मूल हँडल धरते आणि मध्येच ओढते. वळताना हँडल मुलाच्या गुडघ्याला अडते. चालविणाऱ्याला गुडघे फाकवून पायडल मारावे लागते, त्यामुळे त्याचा तोल नेहमीसारखा राहत नाही. जुन्या पद्धतीच्या सायकलींना ब्रेकच्या लोखंडी सळ्या हँडलच्या खालून जातात. त्यांच्यात मुलाची बोटे सापडतात. पुढच्या आसनांपैकी कित्येकांना पाठ नसते आणि पट्टाही नसतो. दांडीला चिमटीसारखी आवळलेली एक गादी आणि पाय ठेवायला दोन खुंट्या, एवढाच त्यांचा थाट. अशा गादीला आसन म्हणणे कठीण आहे. तीवर झोपी गेलेल्या मुलाला चालविणाऱ्याचे दोन हात एवढाच आडोसा असतो, आणि तेच हात ब्रेक लावण्यासाठीही लागतात.

मागच्या आसनावर मूल दिसत नाही हा मोठा दोष आहे. हँडलला छोटा आरसा बसविला तर तो काही अंशी दूर होतो. वजन मागे गेल्यामुळे पुढचे चाक हलके होते आणि सावकाश चालताना हँडल डुलते. त्याची सवय होईपर्यंत प्रथम मुलाच्या वजनाइतके धान्याचे पोते आसनात बांधून अंगणात किंवा मोकळ्या मैदानात सराव करावा. एवढे करण्याची तयारी असेल तर उंच पाठीचे, पट्ट्यांचे आणि पायांना आच्छादन असलेले मागचे आसन अधिक भरवशाचे होय.

दुकानात काय पाहावे

आसन निवडताना दृष्टी प्रथम पायांकडे जावी. मुलाचे पाऊल जेथे टेकते तेथे तळाशी पायरी, चाकाच्या बाजूला सलग भिंत आणि पावलावरून घेता येईल असा पट्टा, या तिन्ही गोष्टी हव्यात. भिंतीला भोके किंवा जाळी असल्यास ती इतकी बारीक असावी की मुलाचे बोटही त्यातून जाऊ नये. पायरी खालीवर करण्याची सोय असेल तर उत्तम. नसेल तर वाढत्या मुलाचे गुडघे वर येतात आणि ते पाय बाहेर काढून बसू लागते. आसन कितीही देखणे असले आणि पायांचे आच्छादन अपुरे असले तर ते परत करावे. या एका बाबतीत तडजोड नको.

यानंतर पाहावयाची गोष्ट आपल्या सायकलींच्या बाबतीत विशेष महत्त्वाची आहे. आपल्याकडील कित्येक सायकलींच्या सीटखाली जाड स्प्रिंगा असतात. चालविणारा खड्ड्यावरून जाताना त्या दाबल्या जातात आणि पुन्हा सुटतात. मागच्या आसनातील मूल आधारासाठी समोर हात नेते तो नेमका त्याच जागी. दोन वेढ्यांमध्ये सापडलेले बोट ठेचले जाते. म्हणून मागे आसन बसविण्याआधी स्प्रिंगांभोवती जाड रेक्झिनचे किंवा जुन्या ट्यूबचे आवरण पक्के शिवून घ्यावे, किंवा स्प्रिंगा नसलेली सीट बसवावी. हे काम शिंपी किंवा चांभार तासाभरात करून देतो.

पट्ट्यांच्या बाबतीत नुसता कमरेचा पट्टा अपुरा होय. मूल झोपले की त्याचे धड त्यातून पुढे झुकते किंवा खाली घसरते. दोन्ही खांद्यांवरून आणि दोन्ही पायांच्या मधून येणारे पट्टे एकत्र जुळणारी रचना असावी. पट्टा रुंद असावा, मुलाला सोडता येऊ नये आणि मोठ्या माणसाला मात्र अडचणीच्या वेळी एका हाताने सोडता यावा. साडीचा काठ, दोरी किंवा ओढणी हे पट्ट्याचे पर्याय नव्हेत. त्यांची टोके चाकात जाण्याचा धोका असतोच, शिवाय गाठ वेळेवर सुटत नाही. हाच धोका मुलाच्या मफलरचा आणि आईच्या पदराचा. पाठ मुलाच्या खांद्यांच्या वरपर्यंत पोहोचावी आणि डोक्यामागे थोडी खोलगट असावी, म्हणजे शिरस्त्राण घातलेले डोके पुढे ढकलले जात नाही. या शेवटच्या तपशिलाकडे विकत घेणाराचे सहसा लक्ष जात नाही. मुलाला प्रत्यक्ष दुकानात नेऊन, शिरस्त्राणासह बसवून पाहिल्याशिवाय तो कळतही नाही.

सायकलची पारख

चांगले आसन कमकुवत सायकलवर बसविले तर उपयोग नाही. आसने दोन प्रकारांनी बसतात. काही सीटखालच्या उभ्या नळीला पकडीने आवळली जातात, काही कॅरियरवर बसविली जातात. पहिल्या प्रकारात नळी गोल आहे का, तिची जाडी आसनाच्या पकडीत बसते का, आणि चेनकव्हर किंवा ब्रेकच्या सळ्या आड येतात का, हे मोजून घ्यावे. दुसऱ्या प्रकारात कॅरियरची परीक्षा अधिक कडक हवी. त्यावर भारमर्यादा कोरलेली असल्यास आसन आणि मूल यांचे एकत्र वजन तिच्या आत असावे. कोरलेली नसल्यास निदान त्याचे पाय आसाला घट्ट बांधलेले आहेत, सांधे तडकलेले नाहीत आणि वरच्या बाजूचा बोल्ट शाबूत आहे, याची खात्री करावी. सीटमागे फक्त एकाच जागी अडकविलेल्या आणि खाली आधार नसलेल्या कॅरियरवर मुलाचे आसन मुळीच बसवू नये.

गावातील वेल्डरकडून आसन सांगाड्याला जोडून घेण्याचा मोह टाळावा. सायकलची नळी पातळ पोलादाची असते. तिला भोक पाडले किंवा वेल्डिंगची आच दिली की त्या जागी ती कमकुवत होते आणि काही महिन्यांनी, तेही ओझे असतानाच, तडकते. आसन बोल्ट आणि पट्ट्या यांनीच आवळावे व प्रत्येक बोल्टावर दोन नट घ्यावेत, म्हणजे हादऱ्यांनी ते सैल होत नाहीत. वेल्डर उपयोगी पडतो तो दुसऱ्या कामासाठी. ज्यांना तयार आसन घेणे शक्य नाही त्यांनी निदान मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना पत्र्याचे किंवा बारीक जाळीचे आच्छादन आणि पाय टेकण्यास दोन खुंट्या करून घ्याव्यात. पत्र्याच्या कडा दुमडलेल्या असाव्यात. लेडीज सायकलींना साडी अडकू नये म्हणून अशी जाळी पूर्वापार लावली जाते. मात्र तिची घरे पुष्कळदा रुंद असतात आणि त्यातून लहान मुलाचे पाऊल सहज आत जाते.

लेडीज सायकलचा उल्लेख आलाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. आडव्या दांडीच्या सायकलवर पुरुष ज्या रीतीने चढतात, म्हणजे डावा पाय पायडलवर ठेवून, दोन ढांगा टाकून, उजवा पाय मागून फिरवून, ती रीत मागे आसन असताना अशक्य आहे. फिरविलेला पाय सरळ मुलाच्या तोंडावर बसतो. सायकल थोडी कलती करून पाय पुढच्या दांडीवरून नेणे उंच सायकलवर सर्वांना जमत नाही. मधली दांडी खाली उतरलेली लेडीज सायकल या कामासाठी सर्वांत सोयीची, मग ती चालविणारा पुरुष असला तरी. पुरुषाने लेडीज सायकल चालविण्यात काहीजणांना उगाच संकोच वाटतो. कुटुंबासाठी नवी सायकल घ्यावयाची असेल तर तो बाजूला ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

स्टँड एका बाजूला टेकणारा घोडा नसावा. मागचे चाक उचलून धरणारा दोन पायांचा भक्कम स्टँड असावा. ब्रेकच्या रबरी गुटक्या वेळेवर बदलाव्यात. पोलादी रिमवर पावसाचे पाणी पडले की ब्रेक लागण्यास फार उशीर होतो आणि मुलाच्या वजनामुळे तो आणखी वाढतो. पावसाळ्यात उताराच्या रस्त्यावर मुलाला उतरवून सायकल हातात धरून चालणे यात कमीपणा नाही.

शिरस्त्राण आणि नियम

मोटारसायकलवरील लहान मुलांसाठी केंद्र शासनाने २०२२ च्या फेब्रुवारीत नियम जाहीर केले आणि ते वर्षभरानंतर अमलात आले. त्यानुसार नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला चालविणाऱ्याशी जोडणारा सुरक्षापट्टा आणि मुलाच्या डोक्याला बसणारे शिरस्त्राण आवश्यक ठरले, तसेच वेगाला ताशी ४० किलोमीटरची मर्यादा घातली गेली. सायकल हे मोटार वाहन नसल्याने तिला हे नियम लागू होत नाहीत. जर्मनीत सायकलवरून मूल नेणारी व्यक्ती निदान १६ वर्षांची असावी, मुलाने सात वर्षे पूर्ण केलेली नसावीत, त्याच्यासाठी खास आसन असावे आणि त्याचे पाय आऱ्यांत जाणार नाहीत अशी व्यवस्था असावी, असा नियम आहे. घरोघरी सायकली असलेल्या नेदरलँड्समध्येही आठ वर्षांखालील मुलासाठी पाठ, हात आणि पाय यांना आधार देणारे आसन बंधनकारक आहे. आपल्याकडे पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. तेथे डबलसीट जाणाऱ्याला पोलीस हटकीत, ही आठवण जुन्या पुणेकरांच्या बोलण्यात अजून येते. त्या हटकण्यात मुलाच्या पायाचा विचार कितपत होता हे सांगणे कठीण.

सायकलसाठीचे शिरस्त्राण हलके असते. मोटारसायकलचे जड हेल्मेट लहान मुलाच्या डोक्यावर चढवू नये, कारण त्याचा भार मानेवर येतो. सायकलचे शिरस्त्राण कपाळ झाकेल इतके खाली, भुवयांच्या वर दोन बोटांवर बसावे. हनुवटीखालच्या पट्ट्यात एकच बोट जावे. एकदा जोराने आपटलेले शिरस्त्राण वरून चांगले दिसले तरी पुन्हा वापरू नये. सायकलवरून उतरताच ते काढून घ्यावे, कारण ते घालून झाडावर किंवा घसरगुंडीवर खेळणाऱ्या मुलाचा गळा पट्ट्यात अडकू शकतो.

शाळा आणि ग्रामपंचायत

जर्मनीतील १६ वर्षांची अट आपल्याकडे विचार करण्याजोगी आहे. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातील मागास तालुक्यांत इयत्ता ८ वी ते १२ वीच्या गरजू मुलींना सायकली देण्यात आल्या. शिक्षणाच्या दृष्टीने ही मोठी सोय झाली. परंतु घरात आलेली सायकल घराची होते, आणि तेरा-चौदा वर्षांची बहीण धाकट्या भावाला मागे बसवून अंगणवाडीत सोडून मग शाळेला जाते. तिला दोष देता येणार नाही. ते काम घराने तिच्यावर सोपविलेले असते. रिकामी सायकलच २० किलोच्या आसपास भरते. त्यात १५ किलोचे मूल मागे बसले की थांबलेली सायकल सावरण्याइतके बळ तिच्या हातांत नसते. मुख्याध्यापकांनी पालकसभेत हा विषय स्पष्टपणे मांडावा. मोठ्या माणसाला ने-आण शक्यच नसेल तर धाकट्याचा हात धरून सायकल ढकलत चालण्याचा सल्ला द्यावा, आणि त्यासाठी तिला शाळेत पाच मिनिटे उशीर झाला तर तो समजून घ्यावा.

जूनमध्ये शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात गावातील सायकल दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला एक दिवस शाळेच्या आवारात बसविणे ग्रामपंचायतीला अवघड नाही. ज्या सायकलींवरून मुले येतात त्यांच्या मागच्या चाकाला आच्छादन आहे का, कॅरियर घट्ट आहे का, ब्रेक लागतात का, एवढीच पाहणी त्याने करावी आणि खुंट्या व पत्रे बसवून द्यावेत. मजुरीचा दर आधी ठरवून फळ्यावर लिहून ठेवला म्हणजे वाद होत नाहीत. नवीन बसविलेल्या आसनाचे नट आठवड्याने पुन्हा आवळावे लागतात, हे कारागिराने प्रत्येकाला आवर्जून सांगावे. पहिल्या काही दिवसांच्या हादऱ्यांनीच ते सैल होतात.

मूल २२ किलोचे झाले की आसनाची मर्यादा संपते आणि ते बहुधा शेजारच्या किंवा नात्यातल्या घरी दिले जाते. प्लॅस्टिक उन्हात राहून ठिसूळ होते. देण्यापूर्वी त्यावर पांढुरके चरे किंवा बारीक तडे आहेत का हे उजेडात धरून पाहावे, पट्ट्यांची शिवण ओढून पाहावी आणि सर्व बोल्ट एका पिशवीत घालून आसनालाच बांधून द्यावेत. सायकलच्या चाकावरचे आच्छादन आणि खुंट्या मात्र काढू नयेत. आसनाबाहेर पडलेले मूल त्यानंतर कॅरियरवर बसणारच आहे.